भिकनचा भास्कर

वामन उपासनीने बी.एस्सी. झाल्यावर नोकरीसाठी पहिला अर्ज केला तो नागपूरला. अर्ज टपालात पडला तेव्हा नागपूर राजधानी होती. पोचला तेव्हा राहिली नव्हती. प्रांतांची नव्याने वाटणी झाली, नागपूर एका राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर दुसऱ्यात राहिलं, आणि वामनचा अर्ज दोहोंच्या मध्ये कुठेतरी उतरला. नवी राजधानी भोपाळ. तिथे खात्यांच्या फायली अजून मालगाडीतून उतरतायत, असं लोक सांगत. तोवर बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या घराच्या ओट्यावर बसून राहणं एवढंच वामनच्या हाती होतं, आणि बी.एस्सी. झालेला मुलगा भरदुपारी ओट्यावर दिसला की येणारेजाणारे थांबून त्याची प्रकृती विचारत.

म्हणून त्याने खेड्यातल्या मुलांना फुकट शिकवायचं ठरवलं.

शेजारी पंडित राहत. ते कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीत नंतर काय अडचण येणार, हे त्यांना आधी दिसे.

"फुकट? मतलब एकदम फुकट?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग कोणी येणार नाही. फुकटची दवाई कोणी पितं का? थोडी फी ठेव. आणि एक ध्यानात ठेव वामन, पोरांना फार शिकवू नको. ती शिकून इथंच येतील. मग ओट्यावर तुला सरकून बसावं लागेल."

वामनला हे लागलं. पण तो विज्ञानाचा माणूस होता. लागलेल्या गोष्टीवर उत्तर न देता ती सिद्ध करून दाखवायची, अशी त्याची शिस्त होती. पुढच्याच रविवारी लालबागच्या स्टेशनावर त्याने पॅसेंजर पकडली आणि जवळच्या चांदनी गावी उतरला.

चांदनीच्या शाळेत कौतिक गुरुजी चारही इयत्ता एका खोलीत आणि एकाच आवाजात शिकवत. रविवारी आपल्याऐवजी दुसरं कोणी ओरडणार हे ऐकून त्यांनी किल्ली लगेच काढून दिली. वामनने पहिल्याच दिवशी वर्गाला विचारलं, "मोठेपणी तुम्ही कोण होणार?"

असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मग एकाने भीत भीत सांगितलं, "स्टेशनवर पोर्टर." हे उत्तर चांगलं निघालं असं पाहून आणखी सातआठजण पोर्टर झाले. उरलेले जवळच्या नव्या कागदाच्या कारखान्यात गेटवर उभे राहणार होते, कारण तिथे खाकी कोट मिळतो. एकाला मालगाडीचा गार्ड व्हायचं होतं, कारण त्याच्या डब्यात भाऊबहिणी नसतात. मुली दोनच होत्या. त्या एकमेकींच्या पाठीमागे लपायचा प्रयत्न करत राहिल्या, आणि दोघींनाही ते एकाच वेळी जमेना.

वामन घरी परतला तो विचार करत. बी जमिनीत आहे, पण कशाचं बी आहे ते बियालाच ठाऊक नाही, असं त्याचं निदान झालं. आठवडाभर बसून त्याने जाड पुठ्ठ्यावर एक तक्ता केला. त्यात वकील, डॉक्टर, इंजिनिअर तर होतेच. पण वनस्पतिशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ आणि हवामान-निरीक्षकही होते. तक्ता भिंतीवर लागला. हवामान-निरीक्षक काय करतो हे वामनने समजावून सांगितल्यावर मागून आवाज आला, "ते तं आमचा आजा बी करतो, बाजेवर पडून."

असा बोलणारा भिकन होता.

भिकन अकरा वर्षांचा. अंगात कोणाच्यातरी बापाचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चड्डीला तीन रंगांची ठिगळं. आणि उजव्या नाकपुडीत चांदीची बारीक वाळी. ठिगळांची संख्या आणि गरिबी यांचं प्रमाण सरळ असतं असं धरून वामनने त्याला गावातला सर्वांत गरीब मुलगा ठरवून टाकला. पण तास संपल्यावर तो मुलगा त्याच्या मागे मागे स्टेशनपर्यंत आला आणि म्हणाला, "मास्तर, केळीचा घड कापला का ते झाड मरतं. त्याला कसं कळतं, आता मरायचं म्हणून?"

वामन थांबला. नागपूरच्या कॉलेजात सबंध वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यानेही नाही. पॅसेंजर शिटी देऊ लागली म्हणून उत्तर राहिलं. पण गाडीत बसल्याबसल्या त्याने ठरवलं, हा मुलगा डॉक्टर होणार.

मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी वामनने त्याला सांगितलं, तेव्हा त्याने तक्त्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरला माणूस आतून बघू देतात?"

"देतात."

"मग होतो."

कौतिक गुरुजींनी माहिती पुरवली. बुऱ्हाणपूरच्या सरकारी शाळेत दरसाल मार्चमध्ये परीक्षा होते. निवडलेल्या खेड्यातल्या मुलांना वसतिगृहात ठेवून मॅट्रिकपर्यंत शिकवतात. बारा पूर्ण झालेल्याला मात्र बसता येत नाही. भिकनला बारावं येत्या पावसाळ्यात संपणार होतं. म्हणजे हीच एक संधी.

वामनने आधी कपड्यांचं बघायचं ठरवलं. पांढराशुभ्र सदरा शिवून घेतला आणि तो देण्यासाठी भिकनच्या घरी गेला. पोचल्यावर पत्ता चुकला असं त्याला वाटलं. पुढे पक्की विहीर, विहिरीवर तेलाचं इंजिन, मागे नजर पोचेल तिथवर केळी, आणि पडवीत चार बैल. घरमालक कडू महाजन, म्हणजे भिकनचा बाप, बशीतून चहा पीत होता. त्याने वामनला खुर्ची दिली. तशी खुर्ची वामनच्या घरी नव्हती.

"शर्ट कशाला आणला मास्तर?" कडू म्हणाला. "पोराला कपड्याची कमी नाही. ते मागेल कपडे आहेत. बारा वर्षांचा होईस्तोवर मागेलच घालायचे."

"कोणाकडून मागितलेले?"

"पाच घरून. धुरपदाचे आधीचे चार वाचले नाहीत. मग हा झाला तं सुपात घातला, पाच घरं फिरवला, भीक मागितली. म्हणून भिकन. असं बघा, त्याची नजर पडते ना, ती चांगल्या गोष्टीवर पडते. भिकेवर कोण नजर टाकेल?" त्याने चहाचा घोट घेतला. "माझंच नाव कडू आहे, ते काय हौसेनं ठेवेल आहे? मी बी असाच वाचलो."

आतल्या दारात धुरपदाबाई उभी होती. डोक्यावरचा पदर दातात धरून ती सदऱ्याकडे बघत होती, पेटलेल्या काडीकडे बघावं तसं.

वामनने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डोक्यातल्या 'अंधश्रद्धा' या कप्प्यात ठेवून दिलं. त्या कप्प्यातलं काही पुन्हा बाहेर काढून बघायची त्याला सवय नव्हती.

परीक्षेच्या अर्जावर त्याने नाव लिहिलं, भास्कर कडू महाजन. वसतिगृहातली मुलं 'भिकन' म्हणून छळणार हे एक कारण, आणि 'डॉ. भिकन' अशी पाटी डोळ्यांसमोर उभी राहीना, हे खरं कारण. कडूची सही त्याने बाजाराच्या गर्दीत घेतली. कडू केळीचा भाव करण्यात गुंतलेला होता.

"नाव कागदावरच ना?" कडूने विचारलं. "घरात हाक नाही मारायची?"

"कागदावरच."

"मग घरी बोलू नका," म्हणत त्याने सही केली.

शिक्षण खात्याच्या कचेरीतला कारकून भला माणूस होता. सगळा घोटाळा त्याच्या भलेपणातूनच झाला. शाळेच्या पटावर भिकन आहे आणि अर्जात भास्कर, हे त्याने बोट ठेवून दाखवलं. नाव बदलायचं तर वर लिहावं लागेल. वर म्हणजे आधी नागपूर होतं. आता भोपाळ. भोपाळहून उत्तर यायला नातू झालेला चालणार असेल तर लिहितो, म्हणाला.

"दुसरा उपाय?" वामनने विचारलं.

"है ना. भास्कर को नया चढ़ा देते हैं. मगर फिर भिकन को काटना पड़ेगा."

नाव कापायला कारण लागतं. छापील रकान्यात कारणं दोनच होती: गाव सोडलं, किंवा मयत. गाव सोडलं म्हणावं तर भास्करचं घरही तेच, बापही तोच, चौकशी होणार. कारकुनाने दौतीत टाक बुडवला आणि दुसरं कारण लिहिलं. वर वामनच्या चेहऱ्याकडे पाहून धीरही दिला, "अरे भाई, सिर्फ़ कागज़ पे."

वामनला थोडं कसंतरी झालं. पण बाटली तीच, आतलं रसायन तेच, फक्त चिठ्ठी बदलली, असा विचार केल्यावर ते गेलं.

पंडितांना हे कळलं. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

सव्वीस जानेवारीला शाळेपुढच्या ओट्यावर वामनने 'उद्याचे नागरिक' असा कार्यक्रम ठेवला. प्रत्येक मुलाच्या गळ्यात त्याच्या भावी धंद्याची पाटी. अध्यक्ष स्टेशनमास्तर. ते सुरुवातीपासून झोपले होते, पण दोनदा मालगाडीचा आवाज येताच उठून हात वर करून पुन्हा झोपले. भूगर्भशास्त्रज्ञ ओट्यावरून खाली पडला. कलेक्टर झालेला मुलगा अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला तो उठेना. कलेक्टरला कोण उठवणार, असा त्याचा मुद्दा होता आणि त्याच्या बापाला तो पटला होता. दोघी मुलींना वामनने वकील आणि वनस्पतिशास्त्रज्ञ केलं होतं. त्यांनी पाट्या उलट्या घातल्या होत्या.

शेवटी, कडूने न घेतलेल्या त्याच पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात भिकन आला. भर सभेत वामनने खणखणीत आवाजात जाहीर केलं, "डॉक्टर भास्कर महाजन. या गावातला सर्वांत हुशार मुलगा." त्याने स्वतः त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि लोकांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.

टाळ्या वाजल्या नाहीत. बायकांच्या बाजूने एकजण उठली, ती धुरपदाबाई. ती गर्दीतून चालत ओट्यावर आली. तिने हार काढला, सदरा काढला, दोन्ही वामनच्या हातात दिले, आणि उघड्या पोराला पदराखाली घेऊन घरी गेली. स्टेशनमास्तर जागे झाले आणि त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत दोन गोष्टी घडल्या. भिकनला थंडी वाजून ताप आला. आणि त्याच सुमारास गावचा कोतवाल कडूच्या दारात येऊन उभा राहिला. पटावर भिकन कडू महाजन मयत असल्याचं वरून कळलं आहे. गावच्या नोंदीत मात्र मरण लिहिलेलं नाही. तरी कधी मेला आणि कशाने, ते सांगा.

भिकन तेव्हा आत गोधडीखाली दात वाजवत होता.

रविवारी वामन आला तेव्हा वर्गात कोणी नव्हतं. कौतिक गुरुजींनी खालमानेने सगळं सांगितलं. वामन धावत कडूच्या घरी गेला. ताप दिवसाआड येतो, आधी हुडहुडी, मग घाम, एवढं ऐकताच त्याला निदान कळलं. तो आल्या गाडीने परत गेला आणि संध्याकाळच्या गाडीने डॉक्टरांकडून कोयनेलच्या गोळ्या घेऊन पुन्हा हजर झाला. धुरपदाबाई उंबऱ्यावर बसलेली होती. ती उठली नाही.

"गोळी राहू द्या," ती म्हणाली. "आधी जे बोलले ते मागं घ्या."

"बाई, हा हिवताप आहे. डासांनी होतो."

"डास गावात सगळ्यांना चावतात. मयत माझंच पोर लिहिलं."

वामनने पुडी पुढे केली.

"चार गेले मास्तर. मी एकाला बी कधी चांगलं म्हटलं नाही. तोंडातून निघू दिलं नाही. पोट फुटायचं, तरी नाही. तुम्ही भर गावात ओरडून सांगितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "जिथं बोलले तिथंच उभं राहून मागं घ्या. आणि पाच घरून भीक आणा. मग गोळी द्या, सुई द्या, काय द्यायचं ते द्या."

वामनने कडूकडे पाहिलं. कडू बैलांकडे पाहत होता.

तो घरी परतला, जेवला नाही. आईने विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं. आई मालतीबाई तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग मागावी भीक. त्यात काय. तुझ्यासाठी मी मागितली होती."

"माझ्यासाठी?"

"तुझ्या आधीची दोन गेली. तूसुद्धा मुंज होईपर्यंत मागून आणलेली अंगडी घातलीस. तुझ्या वडिलांना सांगितलं होतं, दुकानातलं कापड घरात आणायचं नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?" त्या म्हणाल्या, आणि खडा बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी बी.एस्सी. वामन उपासनी खांद्याला झोळी लावून चांदनीच्या पाच दारांपुढे उभा राहिला. पहिल्या दारात म्हातारी रंभाबाई होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही तं फुकट शिकवायला येत होते ना?"

"हो."

"मग आता काय मागून राहिले?"

"भिकनसाठी जुना कपडा."

"कोणासाठी? नाव मोठ्यानं घ्या. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच मागतात ते."

"भिकनसाठी," वामन मोठ्याने म्हणाला. शेजारच्या घरातून लोक बाहेर येऊन पाहू लागले. रंभाबाईने नवऱ्याचं एक विरलेली बंडी आणून झोळीत टाकली. पाचव्या दारापर्यंत त्याच्या मागे तक्त्यावरचे सगळे उद्याचे नागरिक गोळा झाले होते. एकाने झोळी धरायलाही मदत केली.

मग ओटा. कोतवालाने दवंडी देऊन त्या दिवशीचीच माणसं पुन्हा जमवली होती. कडूने भिकनला गोधडीत गुंडाळून खांद्यावर आणलं होतं. त्याचं तोंड बापाच्या मानेत होतं, एक कान बाहेर.

"हा भिकन कडू महाजन," वामन म्हणाला. "भीक मागून आणलेला. याच्यात विशेष काही नाही."

"डॉक्टरचं म्हणा," धुरपदाबाई म्हणाली.

"हा डॉक्टर होणार नाही."

"कोणीच होणार नाही म्हणा."

वामनने झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "हा कोणीच होणार नाही," तो म्हणाला. "दगड आहे. असले पुष्कळ पडलेत गावात."

धुरपदाबाईने डोळे मिटले. खांद्यावरून पदर सावरून घेतला आणि हात पुढे केला. वामनने तिच्या तळहातावर गोळ्यांची पुडी ठेवली.

ताप आठवड्याभरात उतरला. गावाने श्रेय बोलण्याला दिलं, वामनने कोयनेलला. पण दोन्ही उपाय एकाच दिवशी केले असल्यामुळे कुठल्या उपायाने काय झालं हे शास्त्राप्रमाणे सांगता येत नव्हतं, आणि तुलनेसाठी दुसरा भिकन नव्हता.

परीक्षेला बसायचं पत्र भास्करच्या नावाने आलं. धुरपदाबाई म्हणाली, या नावाचं आमच्यात कोणी नाही. वामन पुन्हा कचेरीत गेला. भिकनला पटावर परत घ्या, म्हणाला. भल्या कारकुनाला खरोखर वाईट वाटलं. "काटना हमारे हाथ में था," तो म्हणाला. "मरे हुए को ज़िंदा करना हो तो भोपाल लिखना पड़ेगा."

पंडितांनी अर्ज लिहून दिला. घरच्यासारखं म्हणून, फुकट. परीक्षा झाली त्या दिवशी अर्ज वाटेत होता. पावसाळ्यानंतर भिकनला नवे कपडे घालायला मोकळीक होणार होती. परीक्षेला बसायला नाही.

मार्चअखेर एका रविवारी भिकन पुन्हा स्टेशनपर्यंत सोडायला आला. अंगात रंभाबाईच्या नवऱ्याची बंडी गुडघ्यापर्यंत.

"मास्तर, मी गोळीनं बरा झालो का तुम्ही बोलले त्यानं?"

"गोळीनं."

"मग बोलले कशाला?"

"तुझी आई गोळी देऊ देत नव्हती म्हणून."

भिकनने रुळावरचा एक खडा पायाने सरकवून पाहिला.

"म्हणजे ते आईसाठी होतं."

"हो."

"मी बी तिथंच होतो ना," भिकन म्हणाला.

गाडी आली. वामन चढला.

पुढच्या रविवारी त्याने तक्ता काढून गुंडाळून ठेवला. कोण होणार हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही; विचारला असता तर वर्गाचं उत्तर काय असतं ते त्याला ठाऊक होतं: 'कोणीच नाही.' गावाबाहेरच्या माणसापुढे चांगलं तोंडातून काढायचं नाही, एवढं सगळे शिकले होते. वनस्पतींचा धडा चालू होता. दारात धुरपदाबाई उभी होती, भिकनची भाकर घेऊन. तेवढ्यात मागून भिकनचा हात वर झाला.

"मास्तर, घड कापल्यावर केळ मरते. पण खालून मुनवे फुटतात, तेच पुढच्या साली घड धरतात. मग ती मेली असं कसं म्हणायचं?"

वामनच्या हातातला खडू थांबला. कितीतरी दिवसांनी त्याला आतून हसू आलं होतं. तोंडापर्यंत आलेला शब्द त्याने गिळला आणि दाराकडे न बघता मोठ्याने म्हणाला, "काय दगडाचं डोकं आहे. एवढं कळत नाही?"

मग तो फळ्याकडे वळला आणि त्याने केळ काढली. जमिनीखालचा कंद काढला, तोच खरा बुंधा. वरचा खांब म्हणजे नुसत्या पानांच्या गुंडाळ्या. कंदावरचे डोळे, त्यातून निघालेले मुनवे, प्रत्येकाची मुळं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असतं तेवढं सगळं काढलं. समाधानाने भाकर उंबऱ्यावर ठेवून धुरपदाबाई निघून गेली, पण किती लांब गेली हे कळायला मार्ग नव्हता.

भिकन फळ्याकडे बघत होता, मग मास्तरांच्या पाठीकडे, मग पुन्हा फळ्याकडे. पाठीवरून काही समजत नव्हतं. खडू संपला तरी वामन हसरं तोंड वर्गाकडे फिरवायला तयार होईना.